चारचा भोंगा

आमच्या गावात घड्याळ बघायची वेळ फारशी यायची नाही. कारखान्याचा भोंगा होता. पाळी बदलली की तो वाजायचा, आणि दुपारी चारच्या भोंग्याला घरोघरी चहाचं आधण चढायचं. अण्णा मळ्यातून येऊन ओट्यावर टेकलेले असायचे. आई आतून विचारायची, "ठेवू का?" आणि उत्तर यायच्या आधीच पातेल्यात साखर पडलेली असायची. तिच्या हाताला चमच्याची सवय नव्हती, ती मुठीनं घालायची. आधी साखर, मग पाणी, मग पत्ती. मला चहा कळायला लागला तो या क्रमानं.

नगर जिल्ह्यातला आमचा भाग उसाचा. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं सहकारी साखर कारखाना उभा केला, १९५० साली तो सुरू झाला, आणि पुढे तालुक्या-तालुक्यात कारखान्यांची धुराडी दिसू लागली. अण्णा त्यातल्याच एका कारखान्याचे सभासद. दिवाळीच्या आधी सभासदांना सवलतीच्या दरानं साखर मिळायची. पोतं घरी आलं की आई त्याला हळदीकुंकू लावायची. मग अण्णा पोत्याची शिवण उसवायचे. सुतळीचं नेमकं टोक हाती लागलं तर एका ओढीत सगळी शिवण सुटते, नाही लागलं तर गाठी बसतात आणि शेवटी विळी आणावी लागते. अण्णांना ते टोक बरोबर सापडायचं. पोत्याचं तोंड उघडलं की पहिली मूठ आम्हा भावंडांची. तेव्हा शहरातल्या माझ्या मामाकडे रेशनच्या रांगेत उभं राहून साखर आणायचे. आमच्याकडे ती कोठीच्या खोलीत पोत्यानं उभी असायची, आणि ती आमच्या उसाची होती. साखर कमी घालणं म्हणजे चिक्कूपणा, आलेल्या माणसाचा अपमान. पाहुण्याला फिका चहा दिला म्हणून भावकीत बोलणं झालेलं मी बघितलंय.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं की, साखर सोडायची म्हणजे एक वाईट सवय सोडायची, असं मला कधी वाटलंच नाही. घरातून काहीतरी उचलून बाहेर ठेवल्यासारखं वाटायचं.

डिसेंबर २०२२ मध्ये बँकेनं आम्हा कर्मचाऱ्यांच्या रक्ततपासण्या केल्या. मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची. माझं एचबीए१सी आलं ६.१. डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण चार महिने जगतात, त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत राहते, म्हणून हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा सरासरी हिशोब दाखवतो. आदल्या दिवशी उपास करून त्याला फसवता येत नाही. ५.७ ते ६.४ हा उंबरठा, ६.५ आणि त्याच्या पुढे मधुमेह. "गोड किती खाता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "फारसं नाही." मी खोटं बोलत नव्हते. गोड म्हणजे माझ्या लेखी जिलेबी, बासुंदी, श्रीखंड. ते मी सणावारीच खात होते.

घरी येऊन किराण्याची यादी काढली. साखर, पाच किलो. घरात माणसं चार. पाच हजार ग्रॅम भागिले चार, भागिले तीस. माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसभरातल्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि जमलं तर पाच टक्क्यांच्या, म्हणजे पंचवीस ग्रॅमच्या आसपास. आमचे चाळीस ग्रॅम फक्त डब्यातले. बिस्किटं, सॉस, मुलांची सरबतं, बाहेरचं खाणं हे सगळं वेगळं. शिवाय चौघांत वाटणी सारखी नव्हती. मुलं चहा पीत नाहीत. मग मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर चमचा ठेवला. सपाट चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर मावते. माझा हात सपाट चमचा भरतच नव्हता, माझा चमचा शिगोशीग, सात ग्रॅमचा. कपाला दोन, दिवसाला चार कप. छप्पन्न ग्रॅम! ज्यात एकही पक्वान्न नव्हतं, ज्याची जिभेला आठवणही राहत नव्हती. मला सर्वांत जास्त लागलं ते हे. इतकी साखर खाऊन मला गोड खाल्ल्याचा आनंदसुद्धा मिळत नव्हता.

संक्रांत झाली आणि मी चहाच बंद केला. तिळगुळाचे डबे बहिणीकडे पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी कपाळ ठणकायला लागलं, तिसऱ्या दिवशी मळमळ. मुलगा जोडे घालून आत आला म्हणून त्याच्यावर अशी ओरडले की तो घाबरला. नवरा म्हणाला, साखर तुला सोडत नाहीये. मलाही तसंच वाटलं. दहाव्या दिवशी बँकेत कुणाच्या तरी बढतीचे पेढे आले आणि मी टेबलापाशी उभ्या उभ्या चार खाल्ले. रात्री चहा सुरू केला, दोन चमच्यांचा, आणि ठरवून टाकलं की हे आपल्याच्यानं होणार नाही. ते डोकं साखरेसाठी दुखतच नसावं, हे मला पुष्कळ पुढे कळलं. चहात कॅफीन असतं. वर्षानुवर्षं रोज चार कप पिणाऱ्या माणसानं ते एका दिवसात बंद केलं की डोकं दुखतं, चिडचिड होते. मी एकाच वेळी दोन सवयींशी भांडत होते आणि हरल्याचं खापर सगळं साखरेवर फोडत होते. जे कुणी साखर सोडायची म्हणून चहाच टाकतात, त्यांना मी आता हात धरून सांगते, चहा राहू दे. त्यातली साखर तेवढी बघ.

दुसरा प्रयत्न गुळाचा. "गूळ चालतो की," असं मला किमान दहा जणांनी सांगितलं असेल. मलाही ते ऐकायचंच होतं. चांगला काळपट गूळ आणला. गॅस बंद करून मगच घालायचा, नाहीतर दूध फाटतं, हेही शिकले. चहा सुरेख लागायचा आणि आपण काहीतरी चांगलं करतोय या समाधानात चाराचे पाच कप झाले. चार महिन्यांनी तपासलं तर ६.२. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुळात लोह वगैरे थोडं असतं, पण तो बहुतेक साखरच आहे हो. शरीर दोघांना एकाच दारानं आत घेतं." खरं तर हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी गुऱ्हाळाच्या धगीला बसून काकवी चाटलेली पोर. तोच रस कढईत आटवला की ढेप होते, आणि कारखान्यात नेऊन त्यातली मळी बाजूला काढली की साखर होते. ऊस दोन्हीकडे तोच.

साखरेऐवजी मिळणाऱ्या त्या बारीक गोळ्यांच्या वाटेला मी गेले नाही. वजन आटोक्यात ठेवायला असल्या गोडव्यांवर विसंबू नका, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये दिलाय. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी तो नाही, त्यांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी करायचा. माझं कारण साधं होतं. जीभ तितकंच गोड मागत राहणार असेल, तर मी सोडलं काय?

जून २०२३ मध्ये आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, मोठ्या पाहणीचे आकडे आले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह, आणि आणखी १३ कोटींहून जास्त लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर. पेपर वाचून मी बराच वेळ तसाच हातात धरून बसले. त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा सुरुवात केली. या वेळी काहीच बंद केलं नाही. पातेल्यात साखर घालणं तेवढं थांबवलं. चहा बिनसाखरेचा उकळायचा, वाटीत साखर वेगळी ठेवायची, ज्याची त्यानं घ्यायची. ही एवढीशी गोष्ट, पण माझ्या घरातली सर्वांत मोठी उलथापालथ तीच. साखर पातेल्यात असते तेव्हा ती कुणाचीच नसते. वाटीतून घेताना दिसते. मी दोन चमच्यांवरून दर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेले. नवऱ्याला मी काहीही म्हटलं नव्हतं, त्याचे दोनाचे सव्वा आपोआप झाले.

पहिले दोन आठवडे काही जाणवलं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चहा तुरट लागायला लागला, कडू लागायला लागला, वाईट लागायला लागला. एक दिवस ओतून दिला. मग आल्याचा तुकडा वाढवला, वेलची घातली, दूध थोडं जास्त. त्या दिवसांत मी मागे गेले नाही याचं श्रेय पाव चमच्याला आहे. पाव चमच्यासाठी माणूस हार मानत नाही. ऑगस्टमध्ये, श्रावणात कधीतरी, मी ज्वारीची भाकरी नुसतीच चावत होते, कालवण गॅसवर होतं म्हणून. आणि भाकरी गोड लागली. मी थांबले, पुन्हा एक घास घेतला, सावकाश चावला. गोडच. लाळेत पिष्टमय पदार्थांची साखर करणारं एक द्रव्य असतं, हे शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं, पण ते माझ्या तोंडात इतकी वर्षं चालू असताना मला कधी कळलंच नव्हतं. त्यानंतर दूध गोड लागलं, गाजर गोड लागलं, कांदा परतताना त्याचा गोडसर वास आला. जीभ शिकते. इतकी वर्षं मी तिच्याशी मोठ्या आवाजात बोलत होते, म्हणून तिला हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं.

चहाचं असं मार्गी लागलं. चार वाजताचं मात्र लागेना.

बँकेत चारला ग्राहकांचे व्यवहार थांबतात. दिवसभराच्या गलक्यानंतर पहिल्यांदा शांतता होते, कॅश जुळवायची असते, आणि नेमकं तेव्हा माझा हात ड्रॉवरकडे जायचा. बिस्किटाचा पुडा. दोन खाल्ली की चार, चार खाल्ली की पुडा संपल्यावरच भान. ही नुसती आवड नसते, ही चटक असते. तोंडात पाणी सुटतं, लक्ष लागत नाही, आकडे दोनदा मोजावे लागतात. मी आठवडाभर नुसतं लिहून ठेवलं, कधी हुक्की येते आणि त्या आधी काय झालेलं असतं. पहिली गोष्ट कळली ती डब्याची. सांडते म्हणून मी आमटी नेणं कधीच बंद केलं होतं. एकला दोन पोळ्या आणि भाजी, वरून काही नाही. तीन तासांनी पोट रिकामं होणारच, आणि रिकाम्या पोटाला सर्वांत लवकर मिळणारं खाणं गोडच असतं. मी मटकीची उसळ, हरभरे, दही डब्यात नेऊ लागले आणि ड्रॉवरमध्ये बिस्किटांच्या जागी फुटाणे आणि शेंगदाणे ठेवले. दुसरी गोष्ट झोपेची. ज्या रात्री मी बारा वाजवले, त्याच्या दुसऱ्या दिवशी वहीत हटकून तीन-चार वेळा हुक्की लिहिलेली. हे इतकं नेमानं होतं की मी साडेदहाला दिवा मालवायला लागले.

एवढं करूनही चार वाजता काहीतरी राहायचं. पोट भरलेलं, झोप झालेली, तरी राहायचं. ती हुक्की लाटेसारखी येते, पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढता आला पाहिजे. मी उठून गच्चीत जायचे. असंच एकदा गच्चीतून, काही ठरवलेलं नसताना, आईला फोन लावला. तिनं उचलला, मागे भांड्याचा आवाज. मी विचारलं, "ठेवलास का चहा?" तर ती म्हणाली, "ठेवतेच आहे. तुला ठेवू का?"

मी पुण्यात, ती दीडशे किलोमीटरवर. तरी विचारलं. मी काही वेळ बोललेच नाही.

आता आम्ही रोज चारला बोलतो. चार-पाच मिनिटं. पाऊस किती झाला, कांदा काय भावानं गेला, कुणाची सोयरीक जमली. फुटाण्यांनी भूक भागली होती, राहिलेलं या फोननं भागलं. सगळ्यांचं असंच असेल असं मी म्हणणार नाही. पण आपली हुक्की नेमकी कुणाच्या आवाजाला जोडलेली आहे, हे एकदा तपासून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

लोकांपुढे नाही म्हणणं मात्र अजून अवघड जातं. हळदीकुंकवाला, बारशाला, साखरपुड्याला समोर घास धरला जातो. "एवढ्यानं काय होतंय?" हे वाक्य मी सहन करू शकत नाही. प्रेमानं म्हणतात, मला कळतं. पण हेच वाक्य अण्णांना प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकवलेलं मी पाहिलंय. सणाची पुरणपोळी मी खाते, तूप घालून, दोन खाते, आणि ती आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त गोड लागते. पेढा हातात घेते, कपाळाला लावते आणि घरी आणते. ज्यांना माझं तोंड गोड झालेलं बघायचंच असतं त्यांना सांगते, अण्णांचं काय झालं ते.

अण्णांना १९९६ साली मधुमेह निघाला. आईनं त्या दिवसापासून त्यांचा चहा वेगळा केला. निळ्या पट्टीचा कप त्यांचा, फिका. ज्या माणसानं स्वतःच्या उसाची साखर पोत्यानं घरी आणली, त्याला त्याच घरात ती मिळेना. ते कधी चिडले नाहीत, कधी मागितली नाही. माझं लग्न १९९९ चं. महिन्या-दीड महिन्यानं मी माहेरी जायचे. चारचा चहा झाला, आई गोठ्याकडे गेली, की अण्णा काही बोलायचे नाहीत, फक्त कप एका बोटानं माझ्याकडे सरकवायचे. आणि मी आत जाऊन एक चमचा घालून आणायचे. ढवळायचे नाही. चमच्याचा आवाज आईला जाईल म्हणून. अण्णा कप हातात धरून गोल गोल हलवायचे आणि बशीत ओतून प्यायचे. त्या वेळी मला वाटायचं, या घरात त्यांची बाजू घेणारी मी एकटी आहे.

२००६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. त्यांना ती जखम दुखलीच नाही, म्हणून आठ-दहा दिवस कुणाला दाखवली नाही. अंगठा काढावा लागला. पुढे मूत्रपिंडं गेली. २००९ मध्ये ते गेले. माझ्या डॉक्टरबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की महिन्याकाठच्या एका चमच्यानं हे होत नाही. मला ते पटतं. तरी साखरेच्या वाटीत चमचा घालताना तो कप अजून माझ्याकडे सरकतो.

२०२४ च्या दिवाळीत गावी गेले. माझं एचबीए१सी उन्हाळ्यात ५.६ आलं होतं, आणि पुण्यात पाच किलो साखर आता तीन महिने पुरते. सभासद आता भाऊ आहे. पोतं आलं होतं, पण हल्ली ते प्लास्टिकच्या विणीचं, पन्नास किलोचं येतं. गाळप सुरू व्हायचं होतं, त्यामुळे भोंगा नव्हता. तरी चारला आईनं चहा ठेवला. माझ्यासाठी ती आता पातेल्यात साखर घालत नाही. आम्ही दोघी कोठीच्या उंबऱ्याशी बसलो आणि मी तिला सांगून टाकलं. निळा कप, गोठा, चमचा. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

ती चहाचा घोट घेत म्हणाली, "ठाऊक होतं की मला. कप मीच धुवायचे ना. बुडाला साखर राहिलेली असायची."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तू आलीस की त्या रात्री मी त्यांना भात वाढायचे नाही. भाकरीच द्यायचे अर्धी."

मला काही सुचेना. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, पोत्यापाशी गेली, मापटं घेतलं. "किती भरू तुला?"

"दोन किलो."

पूर्वी मी दहा न्यायचे. ती काही म्हणाली नाही. अंदाजानं मापटी मोजत पिशवी भरली, हातानं तोलून बघितली, मग पोत्यात हात घालून वरून एक मूठ टाकली आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधलं.